विश्लेषण : लिंक सगळ्यांना एकच होती, मग ऑनलाइन शिक्षणात कुणी तरले आणि कुणी मागे का पडले?

सुमारे दोन वर्षे घरून परीक्षा दिल्यानंतर राज्यातील विद्यापीठांचे विद्यार्थी २०२२च्या उन्हाळ्यात पुन्हा परीक्षा केंद्रांवर बसले. परीक्षा ऑफलाइनच होणार हे स्पष्ट झाल्यावर अनेक शहरांत विद्यार्थ्यांनी ऑनलाइनचा आग्रह धरला. ‘शिकवले ऑनलाइन, मग परीक्षा ऑफलाइन का?’ हा त्यांचा प्रश्न होता. सरकारने ताशी १५ मिनिटे वाढीव वेळ देण्याचा तोडगा काढला. लिहिण्याचा सराव सुटला आहे, हे त्यातून एका अर्थाने मान्यच झाले. मात्र सुटला तो केवळ लिहिण्याचा सराव की त्याहून काही जास्त? आणि सुटला तर तो सगळ्यांचा सारखाच का सुटला नाही? एकाच वर्गातील, एकाच लिंकवर हजेरी लावणारे दोन विद्यार्थी दोन वर्षांनी इतक्या वेगळ्या ठिकाणी कसे पोहोचले?

काय घडले होते?

मार्च २०२०च्या मध्यावर राज्यातील महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सुरुवातीला सगळ्यांना वाटले, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. महाविद्यालये ५० टक्के उपस्थितीने उघडायला १५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. तेवढ्यात दुसरी लाट आली. मग २० ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा वर्ग भरले, जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप लागले आणि फेब्रुवारीत ते निघाले. म्हणजे २०२० मध्ये प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाने पदवीच्या तीन वर्षांपैकी पहिली जवळजवळ दोन वर्षे स्क्रीनवर काढली.

ही संख्या लहान नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात ३ कोटी ८५ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांतील बहुसंख्यांनी करोनापूर्वी एकही ऑनलाइन तास केलेला नव्हता. शिकवणाऱ्यांचीही स्थिती फार वेगळी नव्हती.

मुळात याला ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हणता येईल का?

शिक्षणतंत्रज्ञानाचे अभ्यासक या बाबतीत सुरुवातीपासून सावध होते. अमेरिकेतील चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच लिहिले की, जे सुरू आहे त्याला ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ म्हणावे, ऑनलाइन शिक्षण म्हणू नये. त्यांच्या मते एखादा अभ्यासक्रम नीट ऑनलाइन करायचा तर त्याच्या आखणीलाच साधारण सहा ते नऊ महिने लागतात. आपल्याकडे तो सोमवारी वर्गात होता आणि पुढच्या सोमवारी झूमवर.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ची. तिथला विद्यार्थी घरी बसून शिकणार हे गृहीत धरून पुस्तके लिहिली जातात आणि अभ्यासकेंद्रे चालतात. नियमित महाविद्यालयांत यातले काहीच नव्हते. तासभराचे व्याख्यान तसेच्या तसे उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवले गेले. त्यामुळे ‘ऑनलाइन शिक्षण अपयशी ठरले’ असा निकाल देताना नेमके काय अपयशी ठरले, हे आधी पाहावे लागते.

फोन तर सगळ्यांकडे होता, मग अडचण काय?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीचे आकडे करोनाच्या दोनच वर्षे आधीचे, म्हणजे २०१७-१८चे आहेत. त्यानुसार देशातील २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १४.९ टक्के. संगणक होता केवळ १०.७ टक्के घरांत. ग्रामीण भागात तर ४.४ टक्के. १५ ते २९ वयोगटातही संगणक हाताळता येणाऱ्यांचे प्रमाण खेड्यांत सुमारे २४ आणि शहरांत ५६ टक्के होते.

पण विद्यापीठातला विद्यार्थी सरासरी कुटुंबापेक्षा बऱ्या स्थितीत असणार, असे कुणी म्हणेल. ते काही अंशी खरे आहे. म्हणूनच हैदराबाद विद्यापीठाने टाळेबंदीच्या सुरुवातीला केलेली पाहणी बोलकी आहे. सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांपैकी जवळपास ९० टक्क्यांकडे मोबाइल होता. ऑनलाइन तासाला बसू शकतो असे सांगणारे मात्र ३७ टक्केच निघाले. ४० टक्क्यांनी बेभरवशाच्या नेटवर्कचे कारण दिले, ३० टक्क्यांनी डेटाच्या खर्चाचे आणि १० टक्क्यांनी विजेचे. आयआयटी कानपूरने आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा थेट व्याख्यान सुरळीत दिसेल इतके चांगले इंटरनेट केवळ ३४ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांकडे होते. देशातल्या सर्वात निवडक संस्थेची ही अवस्था. जून २०२० मध्ये आयआयटी मुंबईने पुढील सत्र पूर्ण ऑनलाइन होईल असे जाहीर केले, तेव्हा गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप आणि इंटरनेट मिळावे म्हणून दानशूरांकडे सुमारे पाच कोटी रुपयांच्या मदतीचे आवाहनही केले. असे आवाहन करण्याजोगे माजी विद्यार्थी प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयाकडे नसतात.

डेटाचा हिशेब नेमका कसा बसतो?

‘भारतात डेटा स्वस्त आहे’ हे वाक्य या काळात खूप वापरले गेले. ते खरेही आहे. पण हिशेब मांडून पाहू.

व्हिडीओ तासासाठी ठीकठाक चित्र हवे असेल तर साधारण सेकंदाला १.२ मेगाबिट इतका वेग लागतो असे धरू. म्हणजे तासाला सुमारे ५४० एमबी. दिवसाचे चार तास धरले तर २ जीबीच्या वर. त्या काळात बहुसंख्य घरांत असलेले प्रीपेड पॅक दिवसाला दीड किंवा दोन जीबीचे होते. दीड जीबीचा पॅक तिसरा तास संपायच्या आत संपतो. घरात धाकटे भावंड शाळेत असेल आणि फोन एकच असेल, तर तो दुसऱ्याच तासाला संपतो.

मर्यादा संपल्यावर वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. या वेगाने तासाचे १०० एमबीचे रेकॉर्डिंग उतरवायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, तेही नेटवर्क एकदाही तुटले नाही तर. ‘रेकॉर्डिंग टाकले आहे, बघून घ्या’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळा होता, तो असा.

गंमत म्हणजे या गणितातच एक उत्तर दडलेले होते. त्याच ६४ किलोबिट वेगात फक्त आवाज पाठवला तर तासाला जेमतेम २९ एमबी लागतात. म्हणजे व्हिडीओच्या विसावा हिस्सा. आवाजाची फाइल आणि सोबत टिपणांची एक पीडीएफ एवढ्यावर अनेक विषय शिकवता आले असते. काही शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर तेच केले आणि त्यांच्या वर्गातले विद्यार्थी टिकले. पण बहुतेक ठिकाणी ‘तास झाला’ याचा पुरावा म्हणजे थेट मीटिंगचा स्क्रीनशॉट. त्यामुळे सगळ्यात जास्त डेटा खाणारी पद्धत हाच नियम झाला.

रेंज म्हणजे फक्त टॉवर का?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या दोन वर्षांत निसर्गानेही परीक्षा घेतली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यात आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले. अनेक गावांत वीज आणि मोबाइल सेवा पूर्ववत व्हायला आठवडे लागले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. २०२०च्या पावसाळ्यात कोकणात एका विद्यार्थिनीने डोंगरावर रेंज मिळते म्हणून तिथे खोपटे उभारून अभ्यास सुरू केला, ती बातमी देशभर पोहोचली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच. पण उच्च शिक्षणाची पात्रता म्हणून डोंगर चढावा लागणे ही कौतुकाची गोष्ट कशी, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

शहरही सुटले नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातील वीज गेली आणि त्या दिवशीच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा मुंबई विद्यापीठाला पुढे ढकलाव्या लागल्या. त्याआधी आठवडाभरात विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या परीक्षा सायबर हल्ल्याच्या कारणाने थांबल्या होत्या.

साधने सारखी दिली तर फरक मिटतो का?

इथे या विषयातला सर्वात महत्त्वाचा, आणि आपल्या चर्चेत सर्वात कमी आलेला मुद्दा येतो. सरकारने उद्या प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप आणि अखंड इंटरनेट दिले तर ऑनलाइन वर्ग आणि प्रत्यक्ष वर्ग यांत फरक उरणार नाही, असे मानण्याकडे आपला कल असतो.

अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत २०२०च्या शरद सत्रात याची थेट चाचणी झाली. अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे ५५१ कॅडेट चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत विभागले गेले : काही प्रत्यक्ष वर्गात, काही ऑनलाइन. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक आणि तेच प्राध्यापक दोन्ही प्रकारच्या वर्गांना शिकवणारे. हे विद्यार्थी राहायला अकादमीच्या आवारातच. म्हणजे घरची गडबड नाही, रेंजचा प्रश्न नाही, फीची चिंता नाही. तरीही ऑनलाइन गटाचे अंतिम गुण ०.२१५ प्रमाण विचलनाने कमी आले. सोप्या भाषेत, शंभर जणांच्या रांगेत बरोबर मधोमध असलेला विद्यार्थी आठ-नऊ जागा मागे सरकला. आणि आधीपासून अभ्यासात कच्च्या असलेल्यांचे नुकसान सर्वाधिक होते. नंतर विचारले तेव्हा ऑनलाइन गटाने सांगितले की तासात लक्ष टिकत नव्हते आणि शिक्षकांशी, सोबत्यांशी जोडलेले वाटत नव्हते.

करोनापूर्वीचे संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील डीव्हराय या मोठ्या खासगी विद्यापीठाच्या माहितीवर एरिक बेटिंगर, सुझॅना लोब आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तोच विषय ऑनलाइन घेतल्यास चारपैकी मोजल्या जाणाऱ्या श्रेणीत सरासरी ०.४४ची घट दिसली आणि पुढच्या सत्रात शिक्षण सुरू ठेवण्याची शक्यता सुमारे ९ टक्के-अंकांनी घटली. मात्र आधीचे गुण उत्तम असणाऱ्या वरच्या गटावर परिणाम जवळपास शून्य होता. वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या ४० हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवरील डी शू आणि शॅना जॅगर्स यांच्या अभ्यासातही तरुण, पुरुष, कृष्णवर्णीय आणि कमी गुणांचे विद्यार्थी ऑनलाइनमध्ये जास्त मागे पडलेले आढळले.

थोडक्यात, लॅपटॉप आणि नेटवर्क ही प्रवेशाची अट आहे. आत गेल्यावर काय होते, हे दुसऱ्याच गोष्टींवर ठरते.

त्या दुसऱ्या गोष्टी कोणत्या?

पहिली, स्वतःच्या अभ्यासाची सूत्रे स्वतः हातात घेता येणे. कधी बसायचे, काय समजले नाही हे कसे ओळखायचे, अडले तर कुणाला विचारायचे. शिक्षणमानसशास्त्रात याला स्वयंनियंत्रित अध्ययन म्हणतात. बॅरी झिमरमन यांचे काम या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. प्रत्यक्ष महाविद्यालयात यातला बराच भार वेळापत्रक, घंटा, ७५ टक्के हजेरीचा नियम आणि शेजारी बसलेला मित्र उचलतो. ऑनलाइनमध्ये हा आधार एका झटक्यात निघाला. ज्याला बारावीपर्यंत क्लासने दिलेल्या नोट्स पाठ करायचीच सवय होती, त्याला ‘स्वतः वाचा’ या सूचनेचा अर्थच माहीत नव्हता. इथे दोष विद्यार्थ्याचा कमी आणि त्याला तोपर्यंत ज्या पद्धतीने शिकवले तिचा जास्त.

दुसरी गोष्ट भाषेची. मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा विज्ञान, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला येतो तेव्हा त्याला इंग्रजीचा धक्का बसतो. वर्गात हा धक्का पचतो. शिक्षक मधेच मराठीत समजावतात, मागच्या बाकावरचा मित्र ‘अरे, म्हणजे असं’ म्हणून सांगतो. स्क्रीनवर ही कुजबुज नाही. चॅटमध्ये प्रश्न विचारायचा तर तो इंग्रजीत लिहावा लागेल आणि ६० जणांना दिसेल, ही भीती. यूट्यूब किंवा ‘स्वयम्’वर उत्तम व्याख्याने फुकट उपलब्ध होती, पण उच्च शिक्षणाची बहुतेक इंग्रजीत. अभियांत्रिकीच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला टाळेबंदीत आयआयटीचे प्राध्यापक मिळाले, असे म्हणता येईल. तालुक्यातल्या मुलाने स्वतःचे सर गमावले आणि त्या बदल्यात त्याच्या हाती फारसे काही आले नाही.

तिसरी, हातांनी शिकायच्या गोष्टी. वर्कशॉप, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, सर्वेक्षणाचे फील्डवर्क, परिचारिका अभ्यासक्रमातील रुग्णालयीन काम. आयआयटींच्या ‘व्हर्च्युअल लॅब’ उपयोगी आहेत. पण पडद्यावर सर्किट जोडताना चुकीच्या वायरमुळे घटक जळाल्याचा वास येत नाही. अनेक ठिकाणी प्रयोगवहीतील निरीक्षणे व्हॉट्सॲपवरून आली आणि तशीच उतरवली गेली.

घर आणि वर्ग यांत फरक काय?

दोन खोल्यांच्या घरात वडिलांचे काम थांबलेले, टीव्ही सुरू, भावाचा तास आणि स्वतःचा तास एकाच वेळी. मुलींच्या बाबतीत यात आणखी भर : घरी आहेस तर भाजी निवड, लहानग्याला सांभाळ. कॉलेजला गेलेली मुलगी सहा तास ‘शिकत आहे’ हे घराला मान्य असते. खोलीत फोन घेऊन बसलेली मुलगी शिकत आहे, हे पटवून द्यावे लागते. मुलांच्या वाट्याला वेगळा भार आला. शेतात हात कमी पडत होते, कुणाच्या घरातला पगार बंद झाला होता. अनेक जण डिलिव्हरीच्या किंवा गोदामाच्या कामाला लागले आणि कानात इअरफोन घालून तासाला ‘हजर’ राहिले.

सर्वात मोठा फटका वसतिगृहे बंद झाल्याचा होता, पण त्याची चर्चा फार कमी झाली. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांतील विद्यार्थी नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीच्या पाड्यांवर परतले. त्यांच्यासाठी वसतिगृह म्हणजे केवळ राहण्याची जागा नव्हती. वीज, दोन वेळचे जेवण, अभ्यासिका, वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तके आणि शहरातले नेटवर्क हे सगळे तिथेच होते. महाविद्यालयाची इमारत बंद झाली तेव्हा शहरातल्या विद्यार्थ्याने वर्ग गमावला. यांनी शिकण्याची पूर्ण व्यवस्था गमावली.

अमेरिकेतही उत्पन्नाची ही रेघ ठळक दिसली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या पाहणीत १३ टक्क्यांची पदवी लांबणीवर पडली होती. कमी उत्पन्न गटात ही शक्यता सधन गटापेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त होती.

आणि मग एप्रिल-मे २०२१. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचा सिलिंडर शोधणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर त्याच वेळी असाइनमेंटची अंतिम तारीख येत होती. घरात मृत्यू झालेल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत त्या सत्राचा कोणताही संदर्भ नसतो.

शिक्षकांमुळे किती फरक पडला?

बराच. एकाच महाविद्यालयात एका विषयाच्या तासाला ५० जण आणि पुढच्या तासाला १२ जण टिकत, हे चित्र सर्रास होते. लहान तुकड्यांत शिकवणारे, मधे थांबून नाव घेऊन विचारणारे, आठवड्याला छोटी चाचणी घेणारे आणि चुकलेल्यांना फोन करणारे शिक्षक ज्यांना लाभले ते विद्यार्थी बऱ्यापैकी तरले. तासभर स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांपुढे बंद कॅमेऱ्यांची काळी चौकट उरली. ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाला शेवटी कुणी उत्तर देईनासे झाले.

पण शिक्षकांच्या हातात काय होते, हेही पाहायला हवे. राज्यातील महाविद्यालयांचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहतात. त्यांना तासागणिक मानधन, तेही उशिरा. स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवलेला मोबाइल आणि प्रशिक्षण म्हणून एखादे वेबिनार. टाळेबंदीत वेबिनारच्या ई-प्रमाणपत्रांचा महापूर आला होता. त्यांतील किती वेबिनार ऑनलाइन कसे शिकवावे याबद्दल होते, हा वेगळा विषय.

निकाल तर चांगले लागले, मग तोटा कुठे?

अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यात बराच वाद झाला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय दिला. हातात महिना-दीड महिना. बहुतेक विद्यापीठांनी मग घरून देता येईल अशी, साधारण तासाभराची बहुपर्यायी परीक्षा निवडली.

तिचे गणित पाहा. ५० प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, चुकीला गुण कापणे नाही. विद्यार्थ्याला दहाच उत्तरे खात्रीने येतात असे धरा. उरलेल्या ४० प्रश्नांवर डोळे झाकून टिचकी मारली, तरी सरासरी दहा बरोबर येतात. एकूण २०, म्हणजे ४० टक्के. अनेक विद्यापीठांत ही उत्तीर्णतेची रेघ आहे. लेखी परीक्षेत २० टक्केच येत असलेला विद्यार्थी नापास झाला असता. हे कॉपी न करताचे गणित आहे. परीक्षा सुरू असताना व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी उत्तरे यात धरलेलीच नाहीत.

म्हणून ऑनलाइन शिक्षणातील ‘यश’ निकालाच्या टक्केवारीवरून मोजता येत नाही. भरपूर गुण मिळाले आणि शिकणे मात्र कमी झाले, अशी ही विचित्र जोडी आहे. त्याचा सर्वाधिक तोटा प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांना झाला, कारण त्यांचे ८० आणि शेजाऱ्याचे ८० यांत फरक उरला नाही. २०२०-२१च्या पदवीधरांना ‘कोविड बॅच’ म्हणून हिणवणारे विनोद समाजमाध्यमांवर फिरले. ज्यांनी खोपट्यात बसून अभ्यास केला त्यांच्याही पदवीवर तोच शिक्का बसला.

कुणाला फायदाही झाला का?

झाला, आणि तो नाकारणे चुकीचे ठरेल. नोकरी सांभाळून शिकणारे, रोज कसारा किंवा विरारहून दोन-अडीच तास लोकलने येणारे, अपंग विद्यार्थी, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया यांच्यासाठी रेकॉर्ड केलेला तास हा मोठा आधार होता. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो, ही सोय वर्गात नाही. ज्यांना आधीपासून स्वतः शिकायची सवय होती त्यांनी प्रोग्रामिंग, डेटा अशा विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण करून नोकऱ्याही मिळवल्या. मात्र हा गट बहुतांशी तोच, ज्याला संशोधनातही ऑनलाइनचा तोटा झालेला दिसत नाही.

आता पुढे काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्ययनाचा मसुदा आणला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची मुभा सुचवली आहे. म्हणजे साथ ओसरली तरी स्क्रीन जाणार नाही. हे ४० टक्के कोणते, यावर आता बरेच अवलंबून आहे. शिक्षकांची पदे रिक्त असलेल्या महाविद्यालयांना हा आकडा पदभरती टाळण्याचा सोपा मार्ग वाटू शकतो. ही भीती प्राध्यापकांच्या संघटनांनी बोलून दाखवली होती आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

प्रथम वर्षाचे, पहिल्या पिढीतले आणि कमी गुणांचे विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात ठेवावेत आणि ऑनलाइनचा भाग वरच्या वर्षांसाठी, निवडक विषयांसाठी वापरावा, असा निष्कर्ष उपलब्ध अभ्यासांतून निघतो. प्रत्यक्षात उलटे होण्याची शक्यता जास्त आहे, कारण सर्वात मोठ्या तुकड्या प्रथम वर्षाच्याच असतात आणि ऑनलाइनमध्ये सर्वाधिक खर्च तिथेच वाचतो.

दरम्यान, २०२० मध्ये प्रवेश घेतलेली तीन वर्षांच्या पदवीची तुकडी २०२२-२३ मध्ये अंतिम वर्षात होती. तिच्यासाठी उपचारात्मक वर्ग किंवा राहून गेलेल्या प्रात्यक्षिकांची उजळणी ज्या-त्या महाविद्यालयाच्या इच्छेवर सोडलेली होती. काही महाविद्यालयांनी रविवारी प्रयोगशाळा उघड्या ठेवायला सुरुवात केली होती. बाकी ठिकाणी पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागले होते आणि त्यात मागच्या दोन वर्षांसाठी एकही तास नव्हता.